महिनाभर चार अंश

मी तापमान लिहिणारी बाई आहे. वेधशाळेत ठरलेल्या वेळी अंगणातल्या पांढऱ्या जाळीदार पेटीचं दार उघडायचं, तापमापकातला पारा डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचा आणि वहीत उतरवायचा, हे काम मी सोळा वर्षं करते आहे. आधी नागपूरला केलं, आता चंडीगडला करते. हल्ली यंत्रं आपली आपण आकडे पाठवतात, तरी वही अजून आहे आणि वहीचा नियमही आहे. वाचन हुकलं तर चौकट रिकामी ठेवायची. उशीर झाला, पाऊस होता, ताप आला होता, काहीही असो, अंदाजानं आकडा भरायचा नाही. जो भरतो त्याला आमच्याकडे चोर म्हणतात आणि ते थट्टेनं म्हणत नाहीत.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात थोडी चूक माझीही आहे. दुसऱ्या कुणी ती केली असती तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, त्या बिचारीला काय कळणार. मला कळत होतं.

नवरा सरकारी विमा कंपनीत. त्याची बदली चंडीगडला झाली आणि वर्षभर खटपट करून मीही मागोमाग आले. तेव्हा मला अडतीस पूर्ण झाली होती. लग्नाला अकरा वर्षं, गोळ्या झाल्या, तपासण्या झाल्या, घरात मूल नाही. नवरा म्हणाला, इथे आहोत तोवर टेस्ट ट्यूब बेबीचं बघून घेऊ, पुढे कुठे टाकतील कोण जाणे. बदलीच्या नोकरीत माणूस दाताचं काम, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आणि स्वतःचं मूल, सगळं पोस्टिंग बघूनच ठरवतो.

आम्ही निवडलेल्या दवाखान्याची तपासणीची जागा सेक्टर बावीसमध्ये होती, चपलांच्या दुकानावरच्या मजल्यावर. ऑपरेशन थिएटर पंचकुल्यात. आणि इंजेक्शनं यायची झिरकपूरच्या एका पुरवठादाराकडून, बिलावर त्याचा शिक्का असायचा. या सगळ्याला मिळून इथले लोक ट्रायसिटी म्हणतात. फ्लॅट एकीकडे, नोकरी दुसरीकडे आणि रविवारचा बाजार तिसरीकडे, असं सर्रास चालतं. कागदावर मात्र ही तीन वेगळी सरकारं आहेत. चंडीगड केंद्राचं, पंचकुला हरियाणाचं, झिरकपूर पंजाबचं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

जून महिना होता, बाहेर पारा चव्वेचाळीसला टेकलेला. रोज सकाळी जाऊन पोटात एक इंजेक्शन घ्यायचं, असे दहा दिवस. त्यानं अंडाशयात पाण्यानं भरलेल्या बारीक पिशव्या वाढतात. एरवी महिन्याला एक वाढते, तिथे एकदम सात-आठ. प्रत्येकीत एक बीज असेल अशी आशा धरायची. दहाव्या दिवशी सोनोग्राफीत माझ्या आठ दिसल्या, चांगल्या टपोऱ्या. मग शेवटचं इंजेक्शन. त्याला तिथे सगळे ट्रिगर म्हणतात. त्यानं बीजं पिकतात आणि पिशवीच्या भिंतीपासून सुटतात, आणि छत्तीस तासांनी सुईनं ती बाहेर काढतात. ते लागू पडलं नाही तर बीजं आत असूनही हाताला लागत नाहीत. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

सगळी इंजेक्शनं सिस्टरच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये असायची. घरी असतो तसला एका दाराचा फ्रिज. एकदा दार उघडं राहिलं तेव्हा आत पाहिलं. वरच्या कप्प्यात आमच्या औषधांची खोकी, बर्फाच्या कप्प्याला चिकटलेली. खाली दह्याचा डबा, लस्सीची दोन पाकिटं, कुणाचा तरी राजमा. दोन ते आठ अंशांत ठेवा, गोठू देऊ नका, असं खोक्यांवर छापलेलंच असतं. आणि दारावर चिकटवलेला एक तक्ता होता. तारीख, सकाळ, संध्याकाळ, सही. असा तक्ता दिसला की माझे डोळे आपोआप तिकडे वळतात, सवयच आहे. प्रत्येक चौकटीत चार. सकाळी चार, संध्याकाळी चार. एका शाईत, एका हातानं, एका बैठकीत लिहिलेले. आणि त्या दिवशी अठरा तारीख होती. तक्ता तीस तारखेपर्यंत भरलेला होता.

मी तो पाहिला, वाचला, मला त्याचा अर्थ पूर्ण कळला, आणि मी गप्प बसले.

का बसले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ज्या बाईच्या हातात सुई आहे तिला दुखवायचं नाही, हे तिथे येणाऱ्या प्रत्येकीला न सांगता कळतं. सिस्टर वाकड्यात शिरली तर सुई जोरात टोचेल, नंबर मागे जाईल, डॉक्टर कपाळाला आठी घालतील. आपण तिथे गिऱ्हाईक असतो, पण आपल्याला वाटत असतं की आपण नवस बोलायला आलो आहोत. ऑफिसात एका ज्युनिअरनं दोन दिवसांचे आकडे एकदम भरले म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. तीच मी इथे पोटावरची ओढणी सावरत म्हणाले, "थँक यू सिस्टर."

वीस तारखेला संध्याकाळी सातला ट्रिगर दिलं. कपाटावरच्या घड्याळाकडे बघून सिस्टरनं वेळ माझ्या कार्डावर लिहिली आणि खोकं कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. वेळ मिनिटासकट. औषधाचा बॅच नंबर मात्र कुठेच लिहिला नाही.

आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये समोरच कोल्हापूरकडची एक शेजारीण राहायची. तिची मुलगी याच मार्गानं झालेली, पुण्यात. ती पोरगी मराठीत बोललेलं सगळं समजते आणि हिंदीत उत्तर देते. त्याच रात्री ही शेजारीण मला भाजी द्यायला आली आणि दार लोटून हळूच म्हणाली, "उद्या सकाळी ती प्रेग्नन्सीची पट्टी लावून बघ की."

"आत्ता? अजून बीजंसुद्धा काढली नाहीत."

"अगं, ट्रिगरमध्ये तेच हार्मोन असतंय, दिवस गेल्यावर येतंय ते. दोन रेघा येत्यात बघ. खोट्या असत्यात, पण येत्यात. आम्ही पुण्यात सगळ्या बायका लावायचो. आयुष्यात एकदा तरी दोन रेघा बघायला मिळाव्यात म्हणून."

अकरा वर्षांत मी त्या पट्ट्या किती वापरल्या असतील त्याची गणती नाही. दुसरी रेघ मी फक्त पाकिटावरच्या चित्रात पाहिली होती. खोटी का होईना, एकदा पाहावी, असं मलाही वाटलं. सकाळी उठल्या उठल्या पट्टी लावली. पाच मिनिटं थांबले, दहा थांबले. एकच रेघ. शेजारणीकडे नेऊन दाखवली तर तिचा चेहरा पडला. "पट्टी जुनी असंल," ती म्हणाली. मी खाली मेडिकलमधून दुसऱ्या कंपनीची आणली. तीवरही एकच.

तेव्हा मी दवाखान्यात फोन केला. इतकं तरी केलं, हे स्वतःला रोज सांगते. सिस्टरनं फोन उचलला. मी म्हटलं, ट्रिगरनंतर टेस्ट निगेटिव्ह आली आहे, डॉक्टरांना विचाराल का? ती इतकी मनापासून हसली की मलाही ओशाळून हसू आलं. "मॅडम जी, अभी से टेस्ट? पहले अंडे तो निकलने दो, बच्चा बाद में आएगा!" पलीकडे कुणाला तरी तिनं हे सांगितलं असावं, कारण आणखी एक हसणं ऐकू आलं. मी सॉरी म्हणून फोन ठेवला. हो, सॉरी मी म्हटलं.

बावीस तारखेला सकाळी सातला पंचकुल्यात मला गुंगी दिली. शुद्धीवर आले तेव्हा आई पलंगाशी होती. वर्ध्याहून ती पंधरा दिवसांसाठी आली होती. तिनं माझा हात घट्ट धरला होता, म्हणजे झालं होतं काहीतरी. मग डॉक्टरीणबाई आल्या. आठही पिशव्या रिकाम्या, त्या म्हणाल्या. पुन्हापुन्हा धुऊन पाहिल्या. एकही बीज मिळालं नाही. "आपकी ओवरी ने साथ नहीं दिया." मी त्यांना पट्टीचं सांगितलं. त्या दमलेल्या आवाजात म्हणाल्या, घरच्या पट्टीवर असा विश्वास ठेवायचा नसतो.

चार दिवसांनी सेक्टर बावीसमध्ये बोलावून आम्हा दोघांना समजावलं. तुमची बीजं संपत आली आहेत, आहेत ती वाढत नाहीत, आता त्यांचा नाद सोडा. दात्या बाईचं बीज घ्या, मूल नक्की होईल. फाइलवर लिहिलं होतं, रुग्णाकडून अपेक्षित प्रतिसाद नाही. पत्र वाचावं तसं मी ते तीनदा वाचलं. रुग्णाकडून. म्हणजे इंजेक्शननं आपलं काम केलं, फ्रिजनं केलं, सिस्टरनं केलं, घड्याळानंसुद्धा केलं. प्रतिसाद फक्त मी दिला नाही.

घरी येऊन मी स्वयंपाकघरात रडत बसले. आई कुकर लावत होती. ती वळून म्हणाली, "कायले रडून राह्यली वं?"

"माझ्यात काही नाहीच आहे, आई. रिकामीच निघाले मी."

"कोण म्हणते? दहा दिवसापासून पाहून राह्यली ना मी. पोट कसं टम्म फुगलं होतं तुह्यं, सलवारीची नाडी बांधता येत नव्हती तुले. आत काहीच नव्हतं तं थे फुगलं काहून?"

आई चौथी शिकलेली. सगळ्या प्रकरणात पहिला शहाणा प्रश्न तिनं विचारला.

नवऱ्याला हे संपवायचं होतं. तो म्हणाला, "मला मूल हवंय. कुणाच्या बीजाचं, यानं मला काही फरक पडत नाही." त्याचं खरं होतं. बायका दात्या बाईच्या बीजानं आई होतात, आनंदानं होतात, त्यात काही कमीपणा नाही. पण आपलं बीज सोडायचं तर ते खऱ्या कारणासाठी सोडावं. फ्रिजच्या दारावर एकजण महिनाभराचे चार अंश बसल्या बसल्या लिहिते आणि त्यापायी मी माझा हक्क सोडून द्यायचा, हे मला गिळवेना. मी त्याला म्हटलं, मला एकदा दुसऱ्या कुणाला विचारू दे. तो बरं म्हणाला, पण त्या बरं म्हणण्यात थकवा होता.

मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंची वेळ मिळायला दोन आठवडे लागले. त्यांनी सोनोग्राफीचे कागद उलगडले, माझं सगळं ऐकलं आणि पट्टीचं ऐकून चष्मा काढला. त्या म्हणाल्या, इतक्या वाढलेल्या आठ पिशव्या म्हणजे प्रतिसाद नाही असं कुणी म्हणू शकत नाही. ट्रिगर लागलं असतं तर दुसऱ्या दिवशी पट्टीवर दुसरी रेघ यायला हवी होती. नाही आली तर लगेच रक्त तपासायचं. साधी तपासणी आहे. रक्तातही ते हार्मोन नसेल, तर दुसऱ्या बॅचचं इंजेक्शन पुन्हा द्यायचं आणि ऑपरेशन पुढे ढकलायचं. बीजं बहुतेक वेळा मिळतात.

"म्हणजे त्या दिवशी सकाळी वेळ होता?" मी विचारलं.

"पूरा दिन था बेटा," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी तितक्याच प्रामाणिकपणे इथे लिहायला हवं. इंजेक्शन कुठे बिघडलं, ते आता कुणीच सांगू शकत नाही. फ्रिजमध्ये गोठलं असेल, वीज गेली असेल, पुरवठादाराच्या स्कूटरवर उन्हात तापलं असेल, मुळातच नकली असेल. किंवा टोचताना चूक झाली असेल. त्या दिवशीचं रक्त नाही, खोकं नाही, नंबर नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली ती याच वाक्याला. दोष कुणाचा हे कळू नये, अशीच सगळी व्यवस्था. आणि जिथे काहीच कळत नाही तिथे दोष बाईचा धरायचा.

फाइलची प्रत आणि बॅच नंबर मागायला मी सेक्टर बावीसमध्ये गेले. जुलै लागला होता. पर्समध्ये माझा घरचा छोटा तापमापक टाकला होता, ऑफिसचा नाही. ऑफिसच्या वस्तूला मी हात लावत नाही. गेले तर वीज गेलेली. जिन्यात अंधार, बाहेर बसलेल्या बायका फायलींनी वारा घेत होत्या. सिस्टर आतल्या दुसऱ्या खोलीत फोनवर होती. मी सरळ तिच्या खोलीत गेले, फ्रिज उघडला, तापमापक खोक्यांच्या मधे ठेवला, दार लावलं आणि घड्याळ पाहत उभी राहिले. पुरी दहा मिनिटं. मग काढून वाचला. सतरा.

दारावर जुलैचा तक्ता होता. शेवटपर्यंत भरलेला. मी पेन काढलं, त्या दिवशीच्या चौकटीतला चार एका रेघेनं खोडला, आमच्याकडे खोडतात तसा, म्हणजे खालचा आकडा वाचता यावा. वर सतरा लिहिलं, वेळ लिहिली, पूर्ण नावानं सही केली. तेवढ्यात सिस्टर आली. मग जे ओरडणं झालं ते सगळ्या मजल्यानं ऐकलं. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मी त्यांना म्हटलं, आज बारा तारीख आहे, एकतीसचं तापमान तुम्हाला कसं कळलं? त्या म्हणाल्या, तो स्टाफचा विषय आहे. सतरा अंशांचं विचारलं तर म्हणाल्या, वीज अर्धा तासच गेली आहे. खोकं आणि नंबर विचारला तर म्हणाल्या, असं कुणी ठेवत नाही. फाइलमधलं वाक्य बदला म्हटलं तर म्हणाल्या, "आप अपसेट हैं, मैं समझती हूँ." हे समजणं सगळ्यांत संतापजनक होतं. ओरडल्या असत्या तर मला परवडलं असतं.

बाहेर बाकावर एक तरुण मुलगी बसली होती, पंचविशीची असेल. सोबत सासू. मुलीच्या हातातल्या कार्डावर संध्याकाळची वेळ लिहिलेली मी पाहिली. म्हणजे तिचं ट्रिगर आज. याच फ्रिजमधलं. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि हिंदीत सगळं सांगितलं. इंजेक्शन दुसरीकडून आणा, बर्फाच्या डब्यातून आणा, खोकं जपून ठेवा, उद्या पट्टी लावा आणि एकच रेघ आली तर रक्त तपासल्याशिवाय ऑपरेशन करू देऊ नका. मुलगी घाबरून सासूकडे बघत होती. सासूनं तिला जवळ ओढलं आणि माझ्यासमोर हात जोडले.

"भैणजी, तुहाडा नहीं होया, हुण साडा वी नहीं होण देणा?"

बहिणी, तुझं झालं नाही, आता आमचंही होऊ देणार नाहीस का. तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. अठरा जूनला माझ्या पोटात जी भीती होती तीच. मी उठले आणि खाली आले. त्या मुलीचं काय झालं ते मला माहीत नाही.

मग मी तक्रार करायला निघाले. औषधांवर लक्ष ठेवणारी सरकारी कार्यालयं तीन, कारण सरकारं तीन. कोणतं कुठलं ते सांगत बसत नाही, तिघांची बोली एकच होती. एक म्हणालं, बिल आमच्या हद्दीतलं नाही, तिकडे जा. दुसरं म्हणालं, बिल आमच्याकडचं असेल, पण औषध ठेवलं आणि टोचलं आमच्या हद्दीत नाही. तिसरं म्हणालं, आमच्याकडे तर फक्त ऑपरेशन झालं, ऑपरेशन म्हणजे औषध नव्हे. एवढा टोलवाटोलवीचा खेळ मी शाळेच्या मैदानावरही पाहिला नव्हता. भाजी आणताना ज्या हद्दी कुणाला दिसत नाहीत, त्या तक्रार आणली की डोंगराएवढ्या होतात.

एका साहेबांनी नमुना मागितला. ज्या इंजेक्शनबद्दल तक्रार आहे ते सीलबंद आणा, आम्ही प्रयोगशाळेत पाठवू.

"ते माझ्या पोटात गेलं," मी म्हटलं.

"फिर तो मुश्किल है जी."

दुसऱ्यांनी दुष्परिणामांचा फॉर्म पुढे केला. काय झालं ते भरा. पुरळ आलं? ताप? श्वास लागला? दवाखान्यात भरती व्हावं लागलं? मी म्हटलं, काहीच झालं नाही, हीच माझी तक्रार आहे. औषध दिलं आणि काहीच झालं नाही. त्यांनी फॉर्म उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, काहीच झालं नाही तर यात लिहायचं काय? माणूस वाईट नव्हता. त्यानं मला पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. पण औषधानं इजा केली तरच ते वाईट, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. निकामी औषधही इजाच करतं, फक्त ती दिसत नाही, हे मी त्याला समजावू शकले नाही.

शेवटी एका कार्यालयानं अर्ज ठेवून घेतला. दोन महिन्यांनी पत्र आलं. सदर ठिकाणी तपासणी करण्यात आली, औषधांच्या साठवणुकीच्या तापमानाच्या नोंदी व्यवस्थित व पूर्ण आढळल्या. ते पत्र मी ऑफिसात माझ्या टेबलावर उघडलं होतं. पूर्ण. अहो, पूर्ण असणारच! मी दोन महिन्यांपूर्वी तेच सांगत होते की त्या पूर्ण आहेत. मी इतक्या मोठ्यानं हसले की पलीकडच्या खोलीतून शिपाई बघायला आला. कायदा आहे, नोंदणी आहे, शिक्के आहेत, तपासणारी माणसं आहेत. एवढं सगळं असून एकानंही त्या फ्रिजचं दार उघडून आत तापमापक ठेवला नाही. दाराच्या बाहेरचा कागद वाचला आणि परत गेले.

नवऱ्यानं ते पत्र संध्याकाळी वाचलं. तो शांत माणूस आहे, आवाज चढवत नाही. त्यानं पत्राची घडी केली, पुन्हा उलगडली आणि म्हणाला, "एकदा अजून करू. तुझ्याच बीजांचं. यांच्याकडे नाही." तोपर्यंत मला वाटत होतं की मी एकटी भांडते आहे.

हिवाळ्यात आम्ही दुसऱ्या दवाखान्यात गेलो. डोस तोच, दिवस तितकेच, अंग तेच, सहा महिन्यांनी म्हातारं. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत मी सांगितलं की ट्रिगरनंतरच्या सकाळी रक्त तपासायचं आणि खोक्यावरचा नंबर माझ्या फाइलवर चिकटवायचा. ते जरा नाराज झाले, पण कबूल झाले. इंजेक्शनं मी स्वतः आणली, बर्फाच्या डब्यातून, मधे तापमापक ठेवून. दुकानदार म्हणाला, मॅडम फार वहमी आहेत, म्हणजे शंकेखोर. असू दे. या वेळी सोनोग्राफीत पिशव्या कमी दिसल्या, सहाच. ट्रिगरनंतरच्या सकाळी रक्त दिलं, दुपारी निकाल आला, हार्मोन रक्तात व्यवस्थित उतरलं होतं. तेवढं ऐकायलाच मी सहा महिने जगले होते, असं त्या दुपारी वाटलं.

बीजं काढली त्या सकाळी धुकं होतं. गुंगीतून डोळे उघडले तर एक सिस्टर वाकून माझ्या गालावर थोपटत होती. "बधाई हो जी, पाँच मिले." नवरा दाराशी उभा होता आणि उघडउघड रडत होता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्याला वाटलं मीही आनंदानं रडते आहे. थोडी आनंदानंही रडत असेन. पण मी भिंतीकडे तोंड फिरवलं ते त्यासाठी नाही. पाच मिळाली होती, माझीच, याच अंगातून. म्हणजे जूनमधली ती आठही आत होती.